निदान



या घटकात तुम्ही ललित निबंधाची लक्षणे अभ्यासली आहेत. त्यांना जोड म्हणून स्वतःच्या अनुभवावरचा एक निबंध लिहावा, असे मला सुचवण्यात आले. भाषाविज्ञान शिकवणाऱ्या अध्यापकाने त्यासाठी स्कूटरचा स्टार्टर हा विषय निवडावा, याचे तुम्हांला नवल वाटेल. मलाही वाटते. परंतु 'निदान' या शब्दाचा अर्थ मला कोशातून जितका कळला, त्याहून अधिक त्या स्टार्टरमुळे कळला.

मराठीत हा शब्द दोन कामे करतो. वैद्य रोगाचे निदान करतो, तेव्हा तो नाम असतो. 'निदान पाणी तरी घ्या' असे आपण दारी आलेल्या माणसाला म्हणतो, तेव्हा तोच शब्द अव्यय होऊन 'किमान' एवढ्या अर्थावर येतो. संस्कृतात निदान म्हणजे मूळ कारण. आयुर्वेदाने रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. कारण कोणते, आधीची चिन्हे कोणती, प्रत्यक्ष लक्षणे कोणती, उपचार करून पाहिल्यावर उतार पडतो का, आणि रोग शरीरात कोणत्या क्रमाने वाढला, अशी ही पंचसूत्री आहे. ही पाच नावे ध्यानात असू द्या.

मी सिंदी मेघे येथे राहतो. हे गाव वर्धा शहराला अगदी लागून आहे. याच जिल्ह्यात सेलू तालुक्यात दुसरी सिंदी आहे, तिला लोक सिंदी रेल्वे म्हणतात. नुसते 'सिंदी' म्हटले तर ऐकणारा विचारतो, 'कोणती?' दोन्ही नावांत पहिला शब्द समान असून भेद दुसऱ्या शब्दाने होतो. 'काळ' आणि 'गाळ' या जोडीत बाकी सर्व ध्वनी समान ठेवून एकच ध्वनी बदलला की अर्थ बदलतो, आणि म्हणून मराठीत क आणि ग हे वेगळे स्वनिम आहेत असे आपण सिद्ध करतो. या लघुतम युग्माच्या पद्धतीचे तत्त्व साधे आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या स्थिर ठेवाव्यात आणि मग काय बदलले ते पाहावे. हे तत्त्व मी पंचवीस वर्षे शिकवले. ते स्वतः पाळण्याची वेळ आली, तेव्हा मात्र विसरलो.

2019 चा मे महिना होता. पारा 45 अंशांच्या पुढे गेलेला. आईला पक्षाघाताचा झटका येऊन आठवडा झाला होता. उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. ती रुग्णालयात होती, आणि रोज सकाळी साडेसहाला घरून पेज आणि वरणाचे पाणी घेऊन जाणे हे माझे काम होते. माझी स्कूटर आठ वर्षांची जुनी. एका सकाळी डब्याची पिशवी हुकाला अडकवली, ब्रेक दाबून बटण दाबले, आणि 'टक्' एवढाच आवाज आला. पुन्हा दाबले, पुन्हा 'टक्'. उजव्या गुडघ्याच्या दुखण्यामुळे मला किक मारता येत नाही. शेजारच्या मुलाला उठवून त्याच्याकडून किक मारून घेतली आणि निघालो.

आता माझी चूक सांगतो. उन्हाळ्यात बॅटऱ्या जातात, हे विदर्भात सर्वांनाच ठाऊक आहे. उष्णतेने बॅटरीचे आतले रासायनिक वय लवकर सरते, आणि पाणी भरावयाची बॅटरी असेल तर पाणीही उडते. तेव्हा मी दुसरा विचार केला नाही. दुपारी दुकानात जाऊन नवी बॅटरी बसवून घेतली आणि जुनी तेथेच देऊन टाकली. स्कूटर पहिल्याच बटणाला सुरू झाली. चार दिवस उत्तम चालली. पाचव्या दिवशी पुन्हा 'टक्'.

या चार दिवसांनी मला फसवले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्यानेच तोडली असे आपण समजतो. बॅटरी बदलणे हा माझा 'उपशय' होता. आधीची चिन्हे, लक्षणे, क्रम यांपैकी काहीही न पाहता केलेला. पूर्वरूपे तर महिनाभर दिसत होती. बटण दाबल्यावर कधी पहिल्या खेपेस काहीच होत नसे, दुसऱ्या खेपेस इंजिन सुरू होई. कधी रस्त्यातल्या खड्ड्यातून गाडी आदळून आली की त्यानंतर बटण व्यवस्थित काम करी. मी त्याकडे लक्ष दिले नव्हते.

आमच्या वस्तीत एक मिस्त्री आहेत. वय माझ्याएवढेच, दुकान म्हणजे निंबाखालची पत्र्याची टपरी. मी गाडी ढकलत नेली आणि म्हणालो, "भाऊ, नवी बॅटरी टाकली तरी सेल्फ लागत नाही."

त्यांनी गाडीकडे पाहिलेही नाही. विचारले, "सर, टक करते का टकटकटक करते?"

"टक. एकदाच."

"जुन्या बॅटरीवर कसा अवाज येत होता?"

"तसाच. टक."

"मंग बॅटरी कायले बदलली?"

मित्रांनो, अनुकरणवाचक शब्दांवर मी एकदा परिसंवादात निबंध वाचला आहे. मराठीत अभ्यस्त शब्दाने क्रियेची पुनरावृत्ती कशी दाखवली जाते, 'टप' आणि 'टपटप', 'कर' आणि 'करकर' यांत अर्थाचा फरक कसा पडतो, याचे त्यात विवेचन होते. 'टक' आणि 'टकटकटक' यांच्यात बॅटरीच्या किमतीएवढा फरक असतो, हे मात्र त्यात नव्हते.

हा फरक समजून घेण्यासाठी आतली रचना थोडक्यात पाहू. स्कूटरचे इंजिन स्वतःहून फिरू लागत नाही. पहिले काही फेरे त्याला कोणीतरी द्यावे लागतात. पूर्वी हे काम पायाने होई, मोटारगाडीत हाताने दांडा फिरवून होई, आणि उलटा झटका बसून मनगटे मोडत. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये तो प्रथम बसवण्यात आला. स्टार्टर म्हणजे एक छोटी, जोरकस विजेची मोटर. समोरच्या दिव्याला साधारण तीन अँपिअर प्रवाह पुरतो. या मोटरला क्षणभर का होईना, त्याच्या कितीतरी पट लागतो. एवढा प्रवाह हँडलवरच्या नाजूक बटणातून नेता येत नाही. म्हणून मध्ये रिले असतो. बटणाचा बारीक प्रवाह रिलेतील चुंबक ओढतो, चुंबक जाड तारांचा जोड मिटवतो, आणि बॅटरीची सगळी शक्ती मोटरकडे जाते. तो जोड मिटण्याचा आवाज म्हणजे 'टक्'.

आता आवाजांचे व्याकरण पाहा. काहीच आवाज नसेल तर दोष अलीकडे आहे: फ्यूज, बटण, ब्रेकचा स्विच किंवा रिलेची गुंडाळी. 'टकटकटक' असा थरथरता आवाज येत असेल तर रिले जोड मिटवतो, पण मोटरने प्रवाह ओढताच अशक्त बॅटरीचा दाब कोसळतो, चुंबक सुटतो, दाब पुन्हा वर येतो, चुंबक पुन्हा ओढतो. म्हणजे दोष बहुधा बॅटरीत किंवा तिच्या सैल, गंजलेल्या जोडांत. एकच ठाम 'टक्' येऊन पुढे शांतता असेल तर आज्ञा पोहोचली आहे, चुंबकाने काम केले आहे, अडले आहे ते पुढे. आणि मोटर 'घर्रर्र' फिरते पण इंजिन फिरत नाही, असे असेल तर मोटर व इंजिन यांना जोडणारा क्लच घसरतो आहे. आवाज चार, निदाने चार.

केवळ आवाजावर मात्र त्यांनी निर्णय दिला नाही. मीटर काढून बॅटरी मोजली: 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. मग मला बटण दाबायला सांगितले आणि काट्याकडे पाहत राहिले. दाब जेमतेम हलला. "बॅटरी देऊन राहिली, पण घेणाराच कोणी नाही," ते म्हणाले. हे वाक्य मी त्या दिवशी घरी येऊन वहीत टिपून ठेवले. मोटरने प्रवाह ओढला असता तर दाब दहा-अकरापर्यंत तरी उतरला असता. तो उतरलाच नाही, याचा अर्थ प्रवाह वाहतच नव्हता.

मग मीटरची टोके मोटरच्या जोडावर आली. बटण दाबल्यावर तेथेही बारा व्होल्ट दिसले. म्हणजे रिले आणि जाड तार निर्दोष. त्यानंतर मोटरचे अंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात मोजले, फरक शून्याजवळ. म्हणजे परतीचा मार्गही ठीक. एकेक गोष्ट स्थिर ठेवीत, एकेक वगळीत ते मोटरपाशी आले होते. अखेर मी बटण दाबून धरले असताना त्यांनी पान्याच्या लाकडी मुठीने मोटरच्या अंगावर हलकेच ठोकले, आणि स्कूटर सुरू झाली.

"कार्बन घासले सर," ते म्हणाले.

मोटरच्या आत फिरत्या भागाला वीज पोहोचवण्यासाठी कार्बनचे दोन ठोकळे स्प्रिंगने दाबून बसवलेले असतात. पुस्तकात त्यांना ब्रश म्हणतात, दुकानात 'कार्बन' म्हणतात. ज्या द्रव्याची वस्तू, त्या द्रव्याच्या नावानेच वस्तू ओळखावी, ही लक्षणा आपल्या बोलण्यात सहज येते. 'सेल्फ' हाही असाच शब्द. मूळ सामासिक शब्दातला महत्त्वाचा अर्धा भाग मराठीने गाळला आणि विशेषणच नाम म्हणून ठेवले. शिवाय लिंग दिले: तो सेल्फ, तो रिले, ती बॅटरी, ती मोटर. तेथेच विहिरीवर मोटर चालवणारा शेतकरी 'स्टार्टर' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हिरव्या-लाल बटणांची पेटी असते. ती मोटरला चालू करते आणि जास्त भार आला तर तोडते, पण स्वतः मोटर नसते. शब्द एक, वस्तू दोन. मिस्त्री आणि शेतकरी यांच्यात यावरून कधी घोटाळा झाल्याचे मी ऐकले नाही, कारण संदर्भ अर्थ सावरून घेतो.

घासून आखूड झालेल्या कार्बनला स्प्रिंगचा दाब पुरत नाही. तो कधी टेकतो, कधी टेकत नाही. खड्ड्यात गाडी आदळली की टेकतो, ठोकले की टेकतो. नव्या बॅटरीच्या दिवशीही तो योगायोगाने टेकला होता.

बदलण्याचे काम निदानाच्या मानाने लहान होते. त्यांनी प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवले, कारण धन टोकावर पाना असताना तो गाडीच्या सांगाड्याला लागला तर ठिणगी उडते. आवरण काढले, मोटरची जाड तार सोडवली, दोन बोल्ट उघडले आणि मोटर हलवत बाहेर ओढली. उघडल्यावर आत काळी भुकटी निघाली. कार्बन नखाएवढे उरले होते. नुसते कार्बन बदलून भागले असते, पण ज्यावर ते घासतात त्या तांब्याच्या भागावर खोल चरे पडले होते. नवे कार्बनही तेथे लवकर झिजले असते. म्हणून पूर्ण मोटरच नवी घेतली. रबरी कड्याला तेलाचे बोट लावून ती बसवली, बोल्ट आवळले, तारा जोडल्या, ऋण टोक सर्वांत शेवटी. बटण दाबले. इंजिन लागले.

तारकर्लीच्या किनाऱ्यावर मी पाण्यावरच्या स्कूटरी पाहिल्या आहेत. त्यांनाही असाच स्टार्टर असतो, पण किक नसते. खाऱ्या पाण्याने जोड गंजतात, आणि मध्येच इंजिन बंद पडून स्टार्टर लागला नाही तर खाली उतरून ढकलण्याची सोय नाही. तेथे निदान किनाऱ्यावरच व्हावे लागते. आपल्याला निदान टपरीखाली उभे राहून चुका करता येतात.

आता जे सांगायचे टाळत आलो, ते सांगतो.

बॅटरी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी आर्वीहून माझी मावशी आईला पाहायला आली होती. खाटेजवळ उभी राहून तिने विचारले, "बाई ओळखते का रे कोणाले?" मी आईच्या उशापाशी उभा होतो. मी म्हणालो, "नाही. आता तिला काही समजत नाही. भाषेचा भागच गेला." आईने तोंड भिंतीकडे फिरवले. ते मी पाहिले, आणि काही समजत नसल्याचेच ते आणखी एक लक्षण मानले.

हे मी बोललो होतो, भाषाविज्ञानाचा अध्यापक. 1861 मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी तपासलेला रुग्ण मी दरवर्षी वर्गात शिकवतो. त्याच्या तोंडून 'तां' एवढाच उच्चार निघे, बहुधा दोनदा. पण समोरच्याचे बोलणे त्याला कळत असे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढील भागात इजा आढळली. बोलता न येणे आणि न समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मी फळ्यावर लिहून दाखवत आलो. तरीही आईच्या तोंडून शब्द येत नाही एवढे पाहिले आणि बॅटरी संपली असे ठरवून मोकळा झालो.

स्टार्टर बदलला त्याच आठवड्यात वाचोपचार करणाऱ्या बाई आल्या. त्यांनी खाटेवर एक चमचा, एक पेला आणि एक किल्ली ठेवली. "आजी, किल्ली दाखवा." आईने डाव्या हाताने किल्ली दाखवली. "आता आधी पेला, मग चमचा." तिने त्याच क्रमाने बोट ठेवले. "डोळे मिटा." तिने मिटले. मग त्या 'एक, दोन' म्हणून थांबल्या, आणि आईच्या तोंडून 'तीन' निघाले, 'चार' निघाले, दहापर्यंत निघाले. संध्याकाळी त्यांनी तुकडोजी महाराजांचे एक भजन हळू म्हटले, तेव्हा जिला 'पाणी' म्हणता येत नव्हते ती आई अर्धे कडवे बरोबर म्हणाली. सवयीने पाठ झालेले बोलणे पुष्कळदा असे शाबूत राहते. स्वतःहून वाक्य सुरू करणे तेवढे अडलेले होते.

त्या बाईंनी मला कोणताही नवा सिद्धान्त सांगितला नाही. मिस्त्रींनी मीटरची टोके एकेका जोडावर ठेवली, तशा त्यांनी तीन वस्तू एका चादरीवर ठेवल्या. मी त्या दिवशी खाली येऊन वाहनतळावर बराच वेळ बसलो. आई आठ दिवस सर्व ऐकत होती.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दृष्टान्त विचाराला वाट दाखवतो, पण तो ताणला तर खोटा होतो. आई यंत्र नव्हती. तिचा कोणताही भाग बदलून नवा बसवता येणार नव्हता, आणि ठोकून काही सुरू होणार नव्हते. रोज अर्धा तास एकेका शब्दापाशी बसणे एवढाच उपाय होता. साम्य रोगात नव्हते. ते माझ्या चुकीत होते: बाहेर काही येत नाही, म्हणजे आत काही नाही.

दिवाळीपर्यंत आईला बरेच सुटे शब्द येऊ लागले. एका दुपारी दोघेच असताना मी तिला म्हणालो, "आई, मावशी आली होती तेव्हा मी चुकीचे बोललो." तिने माझ्याकडे पाहिले. ओठ जुळवायला बराच वेळ लागला. मग म्हणाली, "ऐकलं."

वाक्यात कर्म नव्हते. तेव्हाचे ऐकले होते असे ती सांगत होती, की आताचे ऐकले असे, हे व्याकरणाने ठरवता येत नाही. मी विचारले नाही.

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, घर सांभाळून कित्येक वर्षांनी पुन्हा हाती पुस्तक घेत आहात. स्वाध्याय लिहिताना पहिले वाक्य सुचत नाही, तेव्हा 'आता आपल्याला जमणार नाही' असा निकाल तुम्ही स्वतःच देता, हे मी संपर्कसत्रांत पाहिले आहे. निकाल देण्यापूर्वी मोजून पाहा. वाचलेले समजते का? तोंडी सांगता येते का? दुसऱ्याने अर्धे वाक्य दिले तर पुरे करता येते का? जेथे अडते तेवढाच जोड शोधा. आणि ज्यांच्या वतीने आपण बोलतो, त्या घरातल्या मुक्या माणसांबद्दल मत देण्यापूर्वी, त्यांच्यासमोर चमचा, पेला आणि किल्ली ठेवून, निदान एकदा विचारून पाहा.